गाडीला ताडपत्री, बाळाला टाकी

"मॅडम, आता गाडी बंद करून ठेवू का?"

पट्टीवर दोन रेघा आल्या, सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले, की पाच मिनिटांत हा प्रश्न येतो. विचारतो नवरा. सासूबाई शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत असतात. जिच्या पोटात बाळ आहे, ती गप्प असते. आमच्या येरवड्यात नुसतं 'गाडी' म्हटलं की मोटरसायकल समजायची. चार चाकं असतील तर तिला 'फोर व्हीलर' म्हणतात.

पूर्वी मी या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचे. आता मीच विचारते, "बंद म्हणजे किती दिवस?" उत्तर ठरलेलं असतं. "डिलिव्हरी होईपर्यंत."

इथेच माझं डोकं फिरतं. आजचा लेख चिडून लिहिते आहे, तेव्हा शब्द थोडे कडक झाले तर सांभाळून घ्या. बाळ पोटात असताना, म्हणजे आयुष्यात सगळ्यात जास्त संरक्षण असताना, तुम्ही गाडीवर ताडपत्री घालता. आणि ते बाहेर आलं, मान सावरत नाही, टाळू भरलेली नाही, तेव्हा ताडपत्री काढून त्याला गाडीवर बसवता. बसवता म्हणजे काय, आईच्या मांडीवर, दुपट्यात गुंडाळून. वर्षभराने तेच पोर पुढे पेट्रोलच्या टाकीवर. हे सगळं उलटं आहे, आणि ते उलटं का आहे हे सांगायचं तर आधी धक्क्यांबद्दल बोलायला हवं.

"गाडीवर धक्के बसतात आणि पोट पडतं", ही समजूत इतकी पक्की आहे की शिकलेले लोकही ती प्रश्न म्हणून नाही, माहिती म्हणून सांगतात. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशय कुठे असतं? ओटीपोटात, कमरेच्या हाडांच्या वाटीत, अगदी आत. बाळ बोटाच्या पेराएवढं, पाण्यात तरंगणारं, आणि त्या पाण्याभोवती स्नायूची जाड भिंत. नगर रस्त्यावरच्या खड्ड्यातून गाडी आपटली तर ते तुमच्या मणक्याला कळतं, बाळाला नाही. नको असलेलं पोट पाडायला पपया खाऊन, जिन्यावरून उड्या मारून, खडबडीत रस्त्याने फिरून दमलेल्या बायका शेवटी आमच्याकडेच येतात, आणि तपासावं तर गर्भ ठणठणीत! धक्क्यांनी पोटं पडत असती तर पुण्याची लोकसंख्या केव्हाच आटोक्यात आली असती.

मग पोट पडतं कशानं? गर्भ राहिल्याचं कळल्यानंतर शंभरातली दहा ते वीस गरोदरपणं आपोआप संपतात. त्यातली बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. आणि अशा लवकर संपलेल्या गरोदरपणांपैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त गर्भांमध्ये गुणसूत्रांचा दोष सापडतो. म्हणजे बीजं एकत्र येतानाच हिशेब चुकलेला असतो. तो गर्भ थोडा वाढतो आणि थांबतो. तुम्ही गादीवर झोपून राहिलात तरी थांबतो.

एक उदाहरण सांगते; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पंचविशीतली मुलगी, पहिलं गरोदरपण, नववा आठवडा. थोडं रक्त गेलं म्हणून घाबरून आली. सोनोग्राफी केली, ठोके नव्हते. बाहेर येऊन सांगितलं, तर सासूबाई लगेच म्हणाल्या, "डॉक्टर, मी हिला सांगत होते, आळंदीला लग्नाला गाडीवर जाऊ नको. ऐकलं नाही." मुलगी खाली मान घालून रडत होती आणि नवरा भिंतीकडे बघत होता. मी विचारलं, लग्न कधी होतं? चार दिवसांपूर्वी. मग सोनोग्राफीचा फोटो पुढे ठेवला. गर्भाची वाढ सातव्या आठवड्यालाच थांबलेली होती. ती गाडीवर बसली त्याच्या साधारण दहा दिवस आधी. म्हणजे लग्नाला जाताना ठोके आधीच बंद पडलेले होते, फक्त कुणाला माहीत नव्हतं. हे मी तीनदा समजावलं. सासूबाईंना पटलं की नाही, देव जाणे. पण त्या मुलीने मान वर केली.

म्हणून मी चिडते. 'गाडी बंद ठेवा' हा सल्ला वरून प्रेमाचा वाटतो, पण काही वाईट घडलं की तोच आरोप होऊन बाईच्या अंगावर येतो. "कुणी बसायला सांगितलं होतं?" आणि आणखी एक. नवऱ्याची मोटरसायकल बंद करताना निदान विचारतात तरी. बायकोची स्कूटर कुणी विचारत नाही. किल्ली खुंटीवरून नाहीशी होते. नऊ महिन्यांसाठी म्हणून बंद झालेल्या किती स्कूटर पुन्हा सुरू झालेल्याच मी पाहिल्या नाहीत. बाळाबरोबर तिची नोकरी जाते, क्लास जातो, आणि भाजी आणायलाही कुणाची तरी वाट बघायची वेळ येते.

"म्हणजे मॅडम, बिनधास्त बसायचं?"

नाही. धोका आहेच, तो धक्क्याचा नाही, पडण्याचा आहे. आपल्याकडे या दोन गोष्टींची गल्लत होते आणि खऱ्या धोक्याकडे कुणी बघतच नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. त्याच वर्षी हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसं मेली, आणि त्यातली १४,३३७ मागे बसलेली होती. मागे कोण बसतं आपल्याकडे, हे मी सांगायला नको. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे हे आकडे आहेत. आता मला सांगा, 'गाडीवर बसू नको' म्हणणाऱ्या किती घरांत तिच्यासाठी हेल्मेट आहे? नवऱ्याचं एक असतं, तेही हँडलला अडकवलेलं. जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी शहरात हेल्मेटची सक्ती सुरू केली, तेव्हा आपण पुणेकर मोर्चे काढून विरोधाला उतरलो होतो. मानेला त्रास होतो, केस गळतात, शहरात वेगच नसतो, ही कारणं मीही ऐकली. कॉक्रेन या संस्थेने जगभरचे अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे अपघातात मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. आईचं डोकं वाचलं तरच बाळ वाचतं. गरोदर बाईने हेल्मेट घालू नये असं शास्त्रात, कायद्यात, पंचांगात कुठेही लिहिलेलं नाही.

पोट दिसायला लागलं की पडण्याचा धोका बदलतो. तोल पुढे सरकतो, सांधे सैल होतात, नवऱ्याच्या आणि आपल्यामध्ये पोट येतं, त्यामुळे धरायला काही राहत नाही. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसलं तर अचानक ब्रेक लागल्यावर थेट रस्त्यावर. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर विचारूच नका. आणि या काळात पडणं वेगळं असतं. गर्भाशय लवचीक असतं, पण त्याला आतून चिकटलेली वार तेवढी लवचीक नसते. जोरात आपटलं की गर्भाशय ताणतं आणि वार सुटू शकते. वार सुटली की बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. यात आईच्या गुडघ्याला नुसतं खरचटलेलं असू शकतं आणि आत बाळ अडचणीत असू शकतं.

म्हणून गाडीवरून पडलात, किंवा दुसऱ्या कुणी ठोकलं, आणि पाचवा महिना उलटलेला असेल, तर "काही लागलं नाही" म्हणून घरी जाऊ नका. दवाखान्यात या. किमान चार तास बाळाच्या ठोक्यांवर आणि पोटाच्या कळांवर लक्ष ठेवावं लागतं. रक्त जात असेल, पाणी जात असेल, पोट घट्ट होत असेल, बाळ हलायचं कमी झालं असेल, तर जास्त वेळ. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तसं येताक्षणी सांगा, कारण अँटी-डी नावाचं इंजेक्शन लागू शकतं आणि ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पडलात तरी फोन तरी करा.

माझा सल्ला असा. पाचव्या महिन्यानंतर दुचाकी टाळता आली तर टाळा. रिक्षा आहे, बस आहे, आता आपल्या येरवड्याला मेट्रोही आहे. वार खाली असेल, रक्त जात असेल, दिवसाआधी कळा येण्याची भीती असेल, तर पहिल्या दिवसापासूनच नको. टाळता येत नसेल तर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा, हेल्मेट घाला, ओढणी खोचा, आणि पुढच्याला सांगा की आज ऑफिसला उशीर झाला तरी चालेल.

आता ज्यांनी गाडी बंद करायचं ठरवलंच आहे त्यांना मी विचारते, ठेवणार कुठे? लक्ष्मीनगर, जयप्रकाशनगर, नागपूर चाळ भागातल्या गल्ल्या तुम्हाला माहीत आहेत. समोरून माणूस आला तर अंग चोरावं लागतं. बाहेर ठेवलेल्या गाड्या रात्री फोडल्याच्या, जाळल्याच्या बातम्या आपण वाचतो. म्हणून गाडी घरात येते. उंबरठ्याला फळी लावून पुढच्या खोलीत चढवायची, वर चादर टाकायची. आणि त्याच खोलीत गरोदर बाईचा पलंग, कारण मागे स्वयंपाकघर! धक्क्यांना घाबरून गाडी बंद केली आणि तिच्या उशाशी आणून ठेवली.

यावर सगळ्यात घातक सवय म्हणजे, "बॅटरी उतरू नये म्हणून रोज सकाळी पाच मिनिटं चालू करतो." घरात! इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. वारेतून तो बाळापर्यंत जातो, आणि बाळाच्या रक्तातून बाहेर पडायला आईपेक्षा जास्त वेळ घेतो. म्हणजे आईला तासाभराने बरं वाटलं तरी बाळ अजून त्याच धुरात असतं. त्यात याची लक्षणं काय? डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, थकवा. गरोदर बाई हे सांगते तेव्हा घरचे म्हणतात, "असंच असतं गं या दिवसांत." सकाळच्या उलट्या डोहाळ्याच्या की धुराच्या, हे मलाही नुसतं बघून कळणार नाही. म्हणून सकाळचा त्रास सांगितला की मी विचारते, घरात गाडी सुरू करता का? गाडी नवी आहे, बीएस-सिक्स आहे, धूर दिसत नाही, असं सांगू नका. बंद खोलीत कोणतंच इंजिन सुरू करायचं नाही, दार उघडं ठेवूनही नाही.

दुसरं पेट्रोल. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. दहा फुटांवर गॅसची शेगडी असते, देवापुढे निरांजन असतं. त्यात बेन्झीन असतं, जे कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या यादीत पहिल्या गटात आहे. टाकीच्या झाकणातून, जुन्या कॉकमधून थोडीशी वाफ येतच राहते. खोलीत शिरल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी तिथे नको, मग ती कितीही लाडकी असो.

तेव्हा बंद ठेवायची तर घराबाहेर ठेवा. भावाच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गावी, ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे. अगदीच इलाज नसेल तर मेकॅनिककडून टाकी रिकामी करून घ्या, बॅटरी काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा दुकानात नेऊन चार्ज करा, म्हणजे गाडी रोज चालू करायचा प्रश्न येणार नाही. चेनला तेल, टायरमध्ये हवा, स्टँड कोणता लावायचा, ते मेकॅनिकला विचारा. मी बाळंतपणं करते. फक्त काढलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत भरून पलंगाखाली ठेवू नका, हे माझ्या खात्यातलं आहे. आठ-नऊ महिन्यांनी घरात एक रांगणारा प्राणी येणार आहे, आणि त्याला पलंगाखालची प्रत्येक वस्तू तोंडात घालायची असते. पेट्रोलचा एक घोट पोटात जाण्यापेक्षा फुप्फुसात जातो तेव्हा जास्त नुकसान करतो. म्हणून असं झालं तर मिठाचं पाणी पाजून, घशात बोट घालून उलटी करवू नका. उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरतं. तडक मोठ्या रुग्णालयात न्या.

आता बाळ झालं. इथे मला खरं भांडायचं आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुट्टी मिळते. टाके ओले आहेत, बाई वाकून चालते आहे. खाली गाडी उभी आहे, धुऊन, हार घालून. नवरा पुढे, बाळंतीण मागे, मांडीवर बाळ, आणि तिच्यामागे कधीकधी पिशवी घेऊन नणंदही. हेल्मेट कुणालाच नाही. नऊ महिने जिला गाडीवर बसू दिलं नाही, तिला आज घाईने बसवलं जातं, कारण घरी औक्षणाचं ताट तयार आहे. मी वरून खिडकीतून हे बघते.

नवजात बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या चौथा हिस्सा असतं. तुमचं माझं साधारण आठवा. एवढं जड डोकं तोलायला मानेत ताकद नसते. टाळूवर हाड नाही, नुसता पडदा आणि कातडी. ती भरायला साधारण दीड वर्ष लागतं. त्या टाळूवर आजी रोज तेल घालते, वारा लागू नये म्हणून कुंची बांधते. आजीचं टाळूवरचं लक्ष अगदी योग्य आहे हो! मग तीच टाळू घेऊन गुंजन चौकातल्या डंपरच्या शेजारून जाताना आपण सगळे एकदम निर्धास्त कसे होतो? कुंचीने वारा अडतो, रस्ता अडत नाही. आईच्या हातात बाळ सुरक्षित असतं हेही रस्त्यावर खोटं आहे. ताशी तीस-चाळीसच्या वेगाला गाडी अचानक थांबली तर कुठल्याही आईच्या हातांना बाळ धरून ठेवता येत नाही. ही ताकदीची गोष्ट आहे, मायेची नाही.

कायदा काय म्हणतो? चालकाखेरीज दुचाकीवर एकच माणूस. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट. चार वर्षांखालच्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२२ ला नियम जाहीर झाला, तो वर्षभराने लागू झाला: मूल चालकाला पट्ट्याने बांधलेलं हवं, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. हा पट्टा असलेली किती मुलं तुम्ही रस्त्यावर पाहिली? मी एकही नाही. आणि नियम असला तरी माझं मत सांगते: एक वर्षाखालच्या बाळाला दुचाकीवर नेऊच नका. हेल्मेट घालावं तर त्याचंच वजन त्या मानेला झेपत नाही, न घालावं तर डोकं उघडं. पट्ट्याने झोपलेलं मूल घसरून पडत नाही हे खरं, पण गाडीच आडवी झाली तर तेही तुमच्याबरोबर आडवं होतं.

"मॅडम, तुमचं सगळं बरोबर आहे, पण आमच्याकडे दुसरं काय आहे?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो खरा आहे. डिलिव्हरीचं काम करणाऱ्या मुलाने गाडी बंद करायची तर चूल बंद. त्याला मी कधीच बंद कर म्हणत नाही. उलट म्हणते, तू एकटा गाडी चालव, चांगलं हेल्मेट घालून चालव, हनुवटीखालचा पट्टा लाव. बाळाला बाप लागतो. घरच्यांना घेऊन जायचं असेल तेवढ्यापुरता रिक्षाचा खर्च धर. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात बाळंतपण झालं तर तोही पूर्ण धरावा लागत नाही. २०११ पासून जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात घरून रुग्णालयात न्यायला आणि बाळ-बाळंतिणीला परत घरी सोडायला मोफत वाहन मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी १०२ नंबर. जाताना सगळ्यांना रुग्णवाहिका आठवते, परत येताना मागत कुणीच नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरांना सांगून ठेवा. पेढ्यांना जेवढे पैसे लागतात त्यापेक्षा येरवड्यातल्या येरवड्यात रिक्षाला नक्कीच कमी लागतात.

रिक्षातही बाळ आईच्या हातातच असतं, हे मला कळतं. ती काही परदेशातली बाळाची सीट नाही. पण रिक्षा एका खड्ड्याने आडवी होत नाही, आणि निदान चहूबाजूंनी काहीतरी आडोसा असतो.

मग ताडपत्री काढायची कधी? नवरा एकटा जाणार असेल तर घातलीच पाहिजे असं नव्हतं. बायकोची स्कूटर तिचं अंग भरून आलं, टाके दुखायचे थांबले, ब्रेक मारताना पोटात ओढ बसेनाशी झाली की तिने सांगेल त्या दिवशी. नैसर्गिक बाळंतपण असेल तर लवकर, सिझर असेल तर साधारण सहा आठवड्यांनी, मला एकदा दाखवून. किल्ली तेव्हा खुंटीवर सापडली पाहिजे.

आणि बाळासाठी म्हणाल तर, दीड वर्षाच्या बूस्टरला याल तेव्हा टेपने त्याच्या डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहून देईन. तो आकडा घेऊन हेल्मेटच्या दुकानात जा, आयएसआयचा शिक्का बघून घ्या, आणि "वाढत्या अंगाचं" म्हणून एक नंबर मोठं घेऊ नका. ढिलं हेल्मेट पडताना डोक्याआधी निघून जातं.